दोऱ्यावरचं बँडेज

डॉक्टर ब्रिजिट डिमेलो समोरच्याच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. मग तो कुत्रा असो, बोका असो, शेजारची बाई असो की मत मागायला दारात आलेला उमेदवार. कांजूरमार्गच्या गावठाणात, क्रुसाच्या गल्लीत, राहत्या घराच्या तळमजल्यावर त्यांचा जनावरांचा दवाखाना होता. तिथं काउंटरवर बसायची नोकरी मागायला मी गेले तेव्हा माझा घोटा मुरगळलेला होता, आणि मी मेडिकलमधून क्रेप बँडेज आणून स्वतःच ते करकचून बांधलं होतं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. चष्म्यावरून माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सोड ते."

"काय सोडू?"

"बँडेज सोड, बाय. पाय मुरगळलाय तुझा. त्याला फाशी कशाला देतेस?"

मी तिथंच बाकावर, एका भल्या मोठ्या शेफर्डच्या शेजारी बसून बँडेज सोडलं. बोटं जांभळट झाली होती. डॉक्टरांनी कापसाचा रोल काढला आणि पायाभोवती गुंडाळायला लागल्या. एक थर, दुसरा थर, तिसरा थर. माझा पाय हत्तीच्या पायाएवढा झाल्यावर मग कुठं वरून क्रेपची पट्टी ताणून, सगळीकडे सारखी बसवली. बोटं मात्र उघडी ठेवली. "आता टिचकी मार," त्या म्हणाल्या. मी मारली. "पिकलेल्या कलिंगडासारखा आवाज आला ना? मग बरोबर. उद्यापासून ये, पण चप्पल मोठी घालून ये." शेफर्डचे मालक एवढा वेळ घड्याळाकडे बघत होते. त्यांना म्हणाल्या, "हिला पण दुखतं हो. तुमच्या कुत्र्यानं तक्रार केली नाही, तुम्ही का करता?"

त्या जाड बँडेजला आमच्या दवाखान्यात कलिंगडच म्हणायचे. रिक्षाखाली आलेलं कुत्रं, तिसऱ्या मजल्यावरून पडलेलं मांजर, कुणाचाही पाय सुजला की हाड मोडलंय का ते कळेपर्यंत कलिंगड. कापूस जाड असला की दाब एका जागी बसत नाही, सगळ्या पायावर पसरतो, सूज उतरते आणि जनावराला हायसं वाटतं. यात अवघड असं काही नाही, पण लोकांना वाटतं घट्ट म्हणजे चांगलं. डॉक्टर त्यावर चिडायच्या. "घट्ट नाही रे, सारखं! सारखं!" असं त्या कंपाउंडरवर ओरडायच्या तेव्हा बाहेर फुटपाथवरचा पाववाला दचकायचा. कापसात कंजुषी केलेली त्यांना मुळीच खपत नसे. "कापूस बाजारात मिळतो. पाय कुठल्या बाजारात मिळतो, सांग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या इथल्याच, कांजूर गावातल्या. वडिलांची भातशेती होती, आता तिथं टॉवर आहेत. डॉक्टर झाल्यावर पहिली नोकरी त्यांनी आरे कॉलनीतल्या तबेल्यांत केली. म्हशीच्या लाथा खाऊन खाऊन उजव्या गुडघ्याची वाट लागली होती, आणि आवाजही तिथंच कमावलेला. म्हशीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या पामेरियनशी बोलायच्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, कापलेले पांढरे केस, अंगात फुलाफुलांचा फ्रॉक आणि त्यावर पांढरा कोट. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी परदेशात. रविवारी मिस्सा चुकवायच्या नाहीत, आणि मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवरच दोन-चार कुत्र्यांचे कान तपासायच्या.

धर्म त्यांनी मानला, पण दवाखान्याच्या दाराबाहेर. एकदा नाताळाच्या आधी त्यांच्या नात्यातले एक गृहस्थ शिडीवरून पडले. दारावर चांदणी टांगत होते. हात मनगटापासून फुगला होता. हाडांच्या डॉक्टरकडे नेण्याआधी मंडळी त्यांना आमच्याकडे घेऊन आली, कारण गावठाणात कुणालाही काहीही झालं की आधी ब्रिजिटबायकडे, असा रिवाजच होता. मनगटावर फादरनी आशीर्वाद दिलेली बारीक दोरी होती, मेरी मातेचा बिल्ला ओवलेली. डॉक्टरांनी कात्री घेतली आणि कच्चकन कापली. त्या गृहस्थांच्या बायकोनं "हाय!" म्हणून छातीवर क्रूस केला. "मेरी माता समजून घेईल," डॉक्टर म्हणाल्या, "शीर समजून घेत नाही." अंगठी साबण लावून काढली, घड्याळ काढलं, मग कापूस गुंडाळला. बांधण्याआधी हातापायात काहीही राहता कामा नये, हा नियम त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. सूज आली की अंगावर असलेली साधी गोष्टही गळफास होते.

हे सगळं सविस्तर सांगतेय, कारण पुढं जे झालं ते याच बाईच्या हातून झालं.

मंदाकाकू परब भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत राहतात. मूळच्या सावंतवाडीकडच्या. नवरा बस कंडक्टर होता, आता दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिस. मुलगा-सून पनवेलला. घरात दोघं म्हातारे आणि बाळ्या नावाचा काळाकुट्ट गावठी कुत्रा. हा बाळ्या परबकाकांचा जीव की प्राण. डायलिसिसहून आले की काका जेवत नसत, बोलत नसत, फक्त बाळ्याच्या डोक्यावर हात ठेवून पडून राहत. श्रावणातल्या एका दुपारी टेकडीच्या उतारावर रिक्षानं बाळ्याला उडवलं. मंदाकाकूंनी त्याला पदरात गुंडाळून, तशीच रिक्षा करून आणलं. पुढचा डावा पाय कोपराखाली सुजून टम्म झाला होता.

त्या पायात एक काळा दोरा होता. मंदाकाकू मे महिन्यात गावी गेल्या होत्या, तिथून त्यांनी ग्रामदेवाचे दोरे आणले होते. एक नवऱ्याच्या हातात, एक स्वतःच्या, आणि एक बाळ्याच्या पायात, कारण तोही घरचाच. डॉक्टरांनी कात्री उचलली तशी मंदाकाकूंनी त्यांचा हात धरला.

"तोडू नका हां, डॉक्टरबाई. देवाचो दोरो तो. आपसूक पडलो तर पडलो, हातान तोडूचो नसता. घरात आधीच आजारपण आसा."

डॉक्टर थांबल्या. मी काउंटरवरून बघत होते. आमच्या घरातून गंडेदोरे आजोबांच्या वेळीच गेले, आम्ही बौद्ध. मला तो दोरा म्हणजे दोरा दिसत होता. मी म्हणणार होते, कापा आणि मोकळ्या व्हा. पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. संकोच होता. म्हशींना दटावणारी ही बाई एका परधर्माच्या दोऱ्यापुढं अवघडली. त्यांनी कात्री खाली ठेवली, दोऱ्यातून बोट फिरवून बघितलं, सैल होता. "ठीक आहे, वर सरकवते," म्हणाल्या आणि दोरा कोपरावर सरकवून त्यावरून कापूस गुंडाळायला लागल्या. सुंदर कलिंगड झालं. टिचकी मारून दाखवली. बोटं दोन उघडी ठेवली. "उद्या सकाळी एक्सरेला आणा. बोटं गार पडली, सुजली, तर लगेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाकाकूंचा दवाखान्याच्या फोनवर फोन आला. काकांचा डायलिसिस आहे, बरोबर जायला दुसरं कुणी नाही, बाळ्याला उद्या आणलं तर चालेल का? डॉक्टर एका मांजरीला सलाइन लावत होत्या. "बोटांचा फोटो पाठवायला सांग," त्या म्हणाल्या. शेजारच्या पोरीनं फोटो काढून पाठवला. मी फोन त्यांच्यापुढं धरला. काळ्या कुत्र्याचा काळा पंजा, खाली काळी फरशी. डॉक्टरांनी मान वाकडी करून बघितलं. "ठीक दिसतायत. उद्या आणा म्हणावं."

उद्या आणलं तेव्हा बाळ्या पंजा टेकवतच नव्हता. डॉक्टरांनी त्याच्या बोटांना हात लावला आणि तो हात तसाच राहिला. मग कात्रीनं बँडेज उभं चिरलं. कापूस निघत गेला, निघत गेला. वरच्या टोकाला, कोपराच्या जरा खाली, दोरा मांसात रुतून दिसेनासा झाला होता. तो परत खाली सरकला होता, आणि आतून वाढत गेलेल्या सुजेनं त्याचा फास झाला होता. दोऱ्याच्या खालचा पाय गार होता. त्याला आता पाय म्हणण्यात अर्थ नव्हता.

डॉक्टरांनी चिमट्यानं तो दोरा काढला आणि कापसाबरोबर बादलीत टाकला. मंदाकाकू टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बाळ्याचं डोकं धरून होत्या, त्यांना काही दिसलं नाही. "रक्त पोचलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पाय काढावा लागेल. नाहीतर जीव जाईल."

मंदाकाकू मटकन खाली बसल्या. "माझीच चूक," त्या म्हणाल्या. "मी काल इलंय आसतंय तर वाचलो आसतो. ह्यांचा डायलिसिस म्हणान रवलंय."

तो क्षण होता. डॉक्टरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून खात्रीनं सांगते, त्यांनी तोंड उघडलं होतं. आणि मग मिटलं. म्हणाल्या, "रडू नका. आधी ह्याला वाचवू."

पाय डॉक्टरांनी स्वतःच काढला, आणि बाळ्या वाचला. कुत्री माणसांपेक्षा शहाणी. पंधरवड्यात तो तीन पायांवर चाळीच्या पायऱ्या उतरायला लागला. मंदाकाकू टाके दाखवायला यायच्या त्या कधी रिकाम्या हातानं नाही. आमसुलं, कुळथाचं पीठ, एकदा घावणे. "तुमी होतात म्हणान माझो बाळ्यो जिवंत आसा," असं म्हणून डॉक्टरांचे हात हातात घ्यायच्या. डॉक्टर हात सोडवून घेऊन धुवायला जायच्या, धुतलेले असले तरी. मंदाकाकू गेल्या की ती पुरचुंडी माझ्याकडे सरकवायच्या. "घेऊन जा, सुजाता. माझ्या घरात नको." मी घरी नेऊन कुळथाचं पिठलं करायचे. अन्नाचा काय दोष? पण डॉक्टरांचं जेवण त्या दिवशी तसंच राहायचं, ते मला दिसत होतं.

त्या बदलल्या. आधी एका जनावराला बांधताना दुसऱ्याच्या मालकाला झापायच्या, तिसऱ्याला फोनवर औषध सांगायच्या. आता एका बँडेजला पाऊण तास लावायला लागल्या. बांधून झालेलं पुन्हा सोडायच्या. आणि दुसऱ्या दिवशी, दवाखाना उघडण्याआधी, ज्याला बांधलं त्याच्या घरी स्वतः जायला लागल्या, दुखरा गुडघा ओढत. पवई असो, विक्रोळी असो. लोक म्हणायचे, "डॉक्टर, कशाला त्रास, फोटो पाठवतो ना." त्यावर त्यांचं उत्तर, "फोटोत गार की गरम ते हाताला कळत नाही." लोकांना कौतुक वाटायचं. अशी डॉक्टर शोधून सापडायची नाही, असं ते मला काउंटरवर सांगायचे. मी मान डोलवायचे. कौतुक ऐकून डॉक्टर आत निघून जायच्या.

गणपतीच्या आसपास एकदा दुपारी, दवाखाना बंद असताना, त्यांनी स्वतःच विषय काढला. "गावठाणातला कुणी असता तर तो दोरा मी कापला असता गं. तू बघितलंस ना नाताळात. तिचा होता म्हणून नाही कापला. वाटलं, ही हिंदू बाई, मी क्रिस्तांव, तिच्या देवाच्या दोऱ्याला मी कात्री लावली तर काय म्हणेल. मान ठेवला मी. मान ठेवला नि पाय घालवला."

"मग तिला सांगा ना," असं मी म्हणाले नाही. मी उलट म्हणाले, "सांगू नका." आणि माझं म्हणणं मी आजही पूर्ण सोडलेलं नाही. तिला काय सांगणार? की बाई, तुझ्या उशिरामुळे नाही, तुझ्या देवाच्या दोऱ्यामुळे गेला? तुझ्या हातानं बांधलास तो? "आता तिला वाटतंय की एक दिवस चुकला," मी म्हणाले. "हे कळलं तर ती जन्मभर त्या दोऱ्याला धरून बसेल. तुमचं मन हलकं होईल, तिचं जड."

"दोरा तिचा. बँडेज माझं," डॉक्टर म्हणाल्या. "तिनं बांधला तेव्हा पाय चांगला होता. मी बांधलं तेव्हा सुजलेला होता. मला माहीत होतं, तिला नव्हतं."

"मग ते तुमच्यापाशी ठेवा."

"फादरपाशी बोलले," त्या म्हणाल्या. "फादर म्हणाले, मनापासून पश्चात्ताप झालाय ना, देवानं माफ केलं. मी म्हटलं, फादर, पाय देवाचा नव्हता."

तरीही त्या गेल्या नाहीत. नवरात्र गेलं, दसरा गेला. माझ्या सल्ल्याच्या आडोशाला त्या उभ्या राहिल्या, आणि दयेचं कारण फार सोयीचं असतं. आपण कुणाला वाचवतोय असं म्हणत माणूस स्वतःलाच वाचवत असतो. हे मला तेव्हा सुचलं नाही. त्यांना सुचलं असावं, कारण त्या माझ्याकडे बघेनाशा झाल्या होत्या.

दिवाळीच्या तोंडावर मंदाकाकू बाळ्याला घेऊन आल्या. जखम कधीच भरली होती, तसं काही कारण नव्हतं. या वेळी हातात पुरचुंडी नव्हती आणि डोळे सुजलेले होते. डॉक्टरांनी विचारलं तशा सांगायला लागल्या. काका डायलिसिसला जात नाही म्हणतायत. मागचे दोन डायलिसिस चुकवले. पाय सुजलेत, धाप लागते, तरी भिंतीकडे तोंड करून पडतात. "म्हणतत, माझ्यापाठी तू डायलिसिसाक गेलंस आणि ह्या मुक्या जनावराचो पाय गेलो. अजून कोणाकोणाचो काय घालवूचो मी? मी सांगून सांगून थकलंय, ह्येचो दोष तुमच्यार नाय म्हणान. ऐकणत नाय. दिसभर बाळ्याच्या त्या खुंटाकडे बघत रवतत."

डॉक्टरांच्या हातात कापसाचा रोल होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, मग उचलला, मग परत ठेवला. "उद्या येते मी घरी," एवढंच म्हणाल्या.

मंदाकाकू गेल्यावर मी म्हणाले, "डॉक्टर, डायलिसिसला जायला त्यांना त्यांचे डॉक्टर समजावतील. आपण—"

"गप, सुजाता." इतक्या वर्षांत त्या मला पहिल्यांदा असं बोलल्या. "तो म्हातारा माझ्या बँडेजपायी मरायला बसलाय."

दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेले. भांडुपची ती टेकडी म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, कडेला नळाच्या लाइनी, कपड्यांच्या दोऱ्या. डॉक्टर दर वळणावर थांबत होत्या, गुडघा धरत होत्या. मी म्हटलं, काकूंना खाली बोलावून घेऊ. नाही म्हणाल्या. वर पोचेपर्यंत त्यांच्या फ्रॉकचा पाठीकडचा भाग घामानं चिंब झाला होता.

खोली एकच. काका पलंगावर भिंतीकडे तोंड करून होते. पलंगाखालून बाळ्या लंगडत बाहेर आला आणि डॉक्टरांच्या पायांशी शेपटी हलवायला लागला. काकूंनी खुर्ची पुढं केली. डॉक्टर बसल्या नाहीत. आरेच्या म्हशींना हाकारणारा तो आवाज इतका बारीक झाला होता की काकूंना पुढं यावं लागलं.

"परबसाहेब, तुम्ही ऐका. परबबाई, तुम्हीपण. बाळ्याचा पाय उशीर झाला म्हणून नाही गेला. त्याच्या पायात दोरा होता. तो मी बघितला होता. तो काढल्याशिवाय बँडेज बांधायचं नसतं, हे मला माहीत आहे, तीस वर्षांपासून माहीत आहे. तरी मी त्याच्यावर बांधलं. आत पाय सुजला नि दोऱ्यानं रक्त अडवलं. दुसऱ्या दिवशी फोटो बघितला, तोही नीट नाही बघितला. तुम्ही त्या दिवशी विचारलंत, उद्या आणू का. मी हो म्हणाले. तुम्ही विचारून थांबलात. चूक माझी होती. सगळी माझी."

पलंगावरचे काका हळूहळू या कुशीला वळले. तोंड सुजलेलं होतं. "म्हणजे माझ्यामुळे नाय?"

"नाही."

"डायलिसिसामुळे नाय?"

"नाही, परबसाहेब. दोरा मी आधीच कापला असता, तर एक दिवस उशीर होऊनही पाय राहिला असता."

काकांनी हात खाली सोडला. बाळ्यानं तो चाटला. म्हातारा हुंदके देऊन रडायला लागला, लहान मूल रडतं तसा, आणि मधेच हसायलाही लागला. मला वाटलं, सुटलो. डॉक्टर उगाच घाबरत होत्या, मीही उगाच अडवत होते.

मंदाकाकू मात्र हलल्या नव्हत्या. "दोरो माझो," त्या म्हणाल्या. "मी हात धरलंय तुमचो."

"तुम्ही विनंती केलीत," डॉक्टर म्हणाल्या. "मी डॉक्टर होते. नाही म्हणायचं माझं काम होतं."

"तुमका तेव्हाच कळला? बँडेज सोडलात तेव्हा?"

"हो."

"मी खाली बसान रडत होतंय, माझी चूक, माझी चूक म्हणान. तुमी ऐकलात?"

"ऐकलं."

काकूंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "पाय गेलो तो गेलो, डॉक्टरबाई. कुत्रो तीन पायांवर धावता. चूक कोणाचीय होता. पण हो माणूस एवढे दिवस भिंतीकडे तोंड करून मराण मागीत रवलो, आणि तुमका म्हायत होता. मी तुमच्याकडे आमसुलां घेऊन येय होतंय, तुमचे हात धरी होतंय. तुमी घेतलात. गप रवलात. त्येचा काय?"

मला सांगावंसं वाटलं की काकू, गप्प राहायला मी सांगितलं होतं. पण डॉक्टरांनी माझं मनगट धरलं होतं, घट्ट. आम्ही उतरायला लागलो तेव्हा मागून काकांचा आवाज आला, काकूंना विचारत होते, डायलिसिसचा उद्याचा नंबर मिळेल का, फोन कर.

काका डायलिसिसला जायला लागले. डॉक्टर महिन्यातून एकदा टेकडी चढायच्या, बाळ्याचे उरलेले तीन पाय आणि पाठ तपासायला, कारण तीन पायांच्या कुत्र्याची पाठ लवकर दुखते. मंदाकाकू दार उघडायच्या, बाळ्याला पुढं करायच्या आणि स्वयंपाकाच्या ओट्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. एक शब्द नाही. मला राग यायचा. "एवढी टेकडी चढून येता आणि पाणीसुद्धा विचारत नाही," मी म्हणायचे. "नको विचारू दे," डॉक्टर म्हणायच्या. "तिनं हसून पाणी दिलं तर मला वाटेल मिटलं. मिटलेलं नाही."

दवाखान्यात त्यांचा नवा नियम झाला. पायात दोरा, गळ्यात ताईत, क्रूस, काहीही असो, मालकाच्या हातात कात्री द्यायच्या. "तुम्ही काढा. देव तुमचा, हात तुमचा. मी थांबते." आणि खरोखर थांबायच्या, हात बांधून. एक गृहस्थ तासभर अडून बसले होते, गुरुजींना फोन लावत होते. डॉक्टर समोर स्टुलावर बसून राहिल्या. त्यांच्याशी वाद नाही, उपदेश नाही. शेवटी त्यांनीच काढला. मग डॉक्टरांनी त्यांच्याकडून तो दोरा घेतला, कागदात नीट गुंडाळून त्यांच्या खिशात ठेवला आणि कापसाचा रोल उघडला.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर गेल्या. दुपारी टेबलाशी उभ्या असतानाच छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. चर्चमध्ये मावणार नाहीत एवढी माणसं आली, आणि कुत्रीही. मी परबांच्या घरी फोन केला होता, पण मंदाकाकू आल्या नाहीत. मी त्यांना गर्दीत शोधत होते, आणि त्या नाहीत म्हणताना मला त्यांचा संताप आला. मेलेल्या माणसावर कसला राग धरायचा?

तो राग घेऊनच मी आठवड्यानं टेकडी चढले. काका डायलिसिसहून येऊन पडले होते, बाळ्या त्यांच्या पायांशी. मंदाकाकूंनी मला बसवलं. चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर मी विचारलंच, "काकू, त्या गेल्या. आता तरी माफ केलंत का त्यांना?"

काकूंनी रिकामा कप उचलून ओट्यावर ठेवला.

"नाय गो," त्या म्हणाल्या. "माफ परक्यांका करतत. सोडून देवचा आसता म्हणान. ती काय परकी होती? दर महिन्याक येय होती, पाय ओढीत. मी पाठ फिरवून उभी रवी होतंय, पण तिचो जिन्यातलो आवाज इलो की माका बरा वाटा. घरच्या माणसावर राग आसता तसो माझो राग आसा. आजून आसा."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मी पायऱ्या उतरायला लागले. हे डॉक्टरांच्या कानावर पडायला हवं होतं.